सरहद्दीचं झाड सरकलं!

“झाड काय पायांनी चालत इथे आलं?” प्रिबोनं विचारलं.

“ते मला काय माहीत!” गेर्लिंद म्हणाली. “पण हे ते झाड नाही. नाही म्हणजे नाही!”

ईस्टरची सुट्टी लागली होती. “आठवडाभर मला तोंड दाखवू नका,” असा आशीर्वाद देऊन पाद्रीबाबांनी शाळा बंद केली होती आणि चौघं रानलसूण खुडायला निघून वाटेत क्रूस कोरलेल्या या झाडापाशी थांबली होती. चौघं म्हणजे बारा वर्षांची गेर्लिंद, तिचा तोंडाळ धाकटा भाऊ हाट्टो, आणि ओढ्यापलीकडच्या वाडीतली प्रिबो आणि झिवा ही भावंडं. गेर्लिंदचे आईवडील बव्हेरियातून बैलगाडीत संसार घालून इथे नवी जमीन कसायला आलेले. प्रिबोची माणसं स्लाव, कुणाच्याही आठवणीच्या आधीपासून याच खोऱ्यात राहणारी. पहिल्या वर्षी पोरांनी एकमेकांवर दगड फेकले, दुसऱ्या वर्षी एकमेकांच्या भाषेतल्या शिव्या शिकून घेतल्या, आणि त्यानंतर ही चौघं फक्त जेवायला आणि झोपायला आपापल्या घरी जायची.

राजानं धाडी घालणाऱ्या मग्यार घोडेस्वारांना पिटाळून लावलं आणि पूर्वेकडच्या या मुलखाला सरहद्दीचा प्रांत करून त्यावर एक सरदार नेमला. गेल्या वसंतात सरदार स्वतः खोऱ्याखोऱ्यांतून हद्द आखत फिरले. नकाशा कुणाकडे होता तेव्हा! खुणेच्या झाडावर क्रूस कोरायचा, झाडाखाली गावातलं एक मूल उभं करायचं आणि त्याचा कान असा काही पिळायचा, की म्हातारपणीसुद्धा त्याला ती जागा आठवावी. पुढे कधी तंटा झाला, तर कान पिळलेल्याची साक्ष पक्की मानायची, मग तो आजोबा असो नाहीतर शेंबडं पोर. या खोऱ्यातल्या बीचच्या झाडाखाली कान पिळला गेला होता तो गेर्लिंदचा. गावातली मोठी माणसं त्या दिवशी सरदारांच्या नव्या किल्ल्याच्या कुंपणावर राबत होती, आणि जो एक म्हातारा रानरखवालदार सोबत होता, तो हिवाळ्यात वारला होता.

“कान पिळला तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं,” गेर्लिंद म्हणाली. “आणि त्या पाण्यातून समोर मला ओढ्याचं वळण दिसत होतं. इथून दिसतोय का ओढा?”

ओढा दिसत नव्हता. दिसत होती ती प्रिबोच्या वाडीची छपरं, आणि तीसुद्धा मागच्या बाजूनं!

“ताई, हा क्रूस चिकट आहे!” हाट्टो ओरडला. त्यानं बोट आधी क्रूसात घातलं होतं आणि मग, अर्थातच, तोंडात. “शी! कडू!”

प्रिबोनं वाकून पाहिलं. झाडाचा चीक अजून ओला होता. वर्षभरापूर्वीचा घाव एव्हाना काळा पडून त्याच्या कडा फुगायला हव्या होत्या.

“पळा ओढ्याकडे!” गेर्लिंद म्हणाली.

ओढ्याच्या वळणावरचा उतार उघडाबोडका झाला होता. किल्ल्याच्या लाकडासाठी तिथल्या कारभाऱ्याच्या माणसांनी वाडीपर्यंत एकही झाड ठेवलं नव्हतं. चौघं वाकून वाकून शोधू लागली. एवढ्यात झिवा धपकन पडली, आणि तिच्या पायाबरोबर हिरवळीचा अख्खा तुकडा गोधडीसारखा उलटला. खाली बीचचा रुंद बुंधा होता! कुणीतरी त्यावर मुद्दाम गवताची ढेकळं रचून ठेवली होती.

गेर्लिंद बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. समोर ओढ्याचं वळण चमकत होतं. “हेच,” ती म्हणाली आणि नकळत तिचा हात कानाकडे गेला.

सगळं लख्ख कळलं. विगांट कारभारी शरद ऋतूत इथे नवा आला. दिसेल ते पाडा, असा त्याचा खाक्या. त्यात खुणेचं झाडही पडलं. आडवं झाल्यावर खोडावरचा क्रूस दिसला असणार आणि कारभाऱ्याचं धाबं दणाणलं असणार! मग वाडीच्या पलीकडे जो पहिला बीच उभा सापडला, त्यावर त्यानं नवा क्रूस कोरून टाकला.

“म्हणजे आमची वाडी आता हद्दीच्या आत?” झिवानं विचारलं.

“आत!” हाट्टो नाचायलाच लागला. “मग तुम्हाला जायला नको! हुर्रे!”

कारण गेल्या वर्षीच सरदारांनी हुकूम केला होता. हद्दीबाहेर नजर पोहोचेल तिथवर कुणी राहायचं नाही, पुढच्या वसंतात वाडी रिकामी करून डोंगरापलीकडे निघून जायचं. अख्खा हिवाळा चौघांनी त्यावर एक शब्द काढला नव्हता. बोललं नाही तर ते होणार नाही, असं त्यांना वाटत होतं बहुतेक. आता गेर्लिंदच्या छातीवरचा दगडच उतरला. तिनं स्वतःच्या हातांनी ती ढेकळं पुन्हा बुंध्यावर रचली!

ही बातमी सांगायला चौघं वाडीकडे धावली. पण तिथे विगांट कारभारी आधीच पोहोचला होता.

“आत म्हणजे किल्ल्याचे!” तो प्रिबोच्या वडिलांना, गोस्तिमिरना, सांगत होता. “किल्ल्याचे दगड वाहायचे. विचारल्याशिवाय खोरं सोडायचं नाही, विचारल्याशिवाय लग्न नाही. तुम्ही नाही, तुमची पोरं नाहीत, त्यांची पोरंही नाहीत. परवा सरदार येतायत. त्यांच्यासमोर सगळ्यांचे केस उतरवू.”

गोस्तिमिरचे केस खांद्यापर्यंत होते. त्या मुलखात लांब केस स्वतंत्र माणसाचे. भादरलेलं डोकं दुसऱ्याच्या मालकीचं. गोस्तिमिरनी प्रिबोच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

गेर्लिंदनं ते पाहिलं, आणि मघाशी उतरलेला दगड दुप्पट जड होऊन परत आला.

कारभारी गेल्यावर चौघं गोठ्यामागे जमली.

“तू गप्प बस ना गं!” झिवानं गेर्लिंदचा हात धरला. “बुंधा कुणाला माहीत नाही. केस काय, परत वाढतील!”

“वाढले की परत कापतील,” प्रिबो म्हणाला.

“प्रिबो, मी काय करू?”

“मला विचारू नकोस.” तो जमिनीकडे बघत होता. “मी ‘बोल’ म्हटलं, तर झिवा रडेल. ‘गप्प बस’ म्हटलं, तर बाबांकडे मला बघवणार नाही. तुझा कान, तुझी साक्ष.”

गेर्लिंदला त्याचा रागच आला. असं एकटीला सोडतात का कुणी! मग तिला गोस्तिमिरचा तो हात आठवला, आणि राग जाऊन नुसतं रडू आलं. ते तिनं नाकानं ओढून घेतलं.

“मी बोलणार,” ती म्हणाली.

झिवानं हात सोडला.

“पण नुसतं बोलून काय होतंय!” प्रिबो म्हणाला. “त्याच्या झाडावर क्रूस दिसतोय. तुझा कान कुणाला दिसतोय?”

“माझ्या झाडाखाली काहीतरी आहे. सरदारांनी स्वतः पुरलंय, त्यांना आणि मलाच माहीत आहे. किती खोऱ्यांत किती झाडं, त्यांना जागा कुठली आठवायला! पण काय पुरलं ते ते विसरणार नाहीत.” मग तिनं हाट्टोकडे पाहिलं. “हाट्टो, तुझ्या पोटात काही राहतं का रे?”

“नाही,” हाट्टो प्रामाणिकपणे म्हणाला.

“शाबास! तसलंच काम आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हाट्टो किल्ल्याच्या दारात जाऊन बसला आणि कारभाऱ्याच्या हातातल्या पनीरकडे टक लावून बघू लागला.

“काय रे?”

“काही नाही. आमच्या ताईला एक गुपित माहीत आहे. मी सांगणार नाही. मला भूकही नाही.”

कारभाऱ्यानं पनीरचा तुकडा पुढे केला. हाट्टोनं तो गट्ट केला. “खुणेच्या झाडाखाली लाल मडक्याची खापरं पुरलीत! ताई उद्या सरदारांना सांगणार आहे, की खणून बघा म्हणून!”

ऊन कलायच्या आत कारभाऱ्याचा माणूस काखेत गाठोडं घेऊन वाडीमागच्या झाडाकडे गेला. तिघं करवंटीएवढ्या झुडपात एकमेकांच्या अंगावर दाटीवाटीनं पडून बघत होती.

“खणतोय!” गेर्लिंद कुजबुजली.

“हळू! तुझं कोपर माझ्या डोळ्यात आहे!” प्रिबो कण्हला. त्यावर दोघांना असं हसू फुटलं, की तोंडात गवत कोंबून घ्यावं लागलं. झिवा मात्र हसली नाही.

तिसऱ्या दिवशी सरदार आले. दाढी पिकलेले, घोड्यावरून उतरताना कण्हणारे गृहस्थ. अख्खं गाव झाडाभोवती जमलं. वाडीची माणसं एका बाजूला उभी होती आणि शेजारी कातरी घेऊन कारभाऱ्याचा माणूस.

“ही हद्द, सरदार!” विगांट म्हणाला. “हा क्रूस.”

“ही हद्द नाही!” गर्दीतून गेर्लिंद पुढे आली. “कान माझा पिळला होता, सरदार. इथे नाही.”

“पोरीच्या जातीला काय आठवतंय!” विगांट हसला. “खणा की! खाली खूण असेलच.”

त्यानं स्वतःच खणायला लावलं. दोन फावड्यांत लाल खापरं वर आली. विगांटनं ती थाटात सरदारांपुढे धरली.

सरदारांनी एक खापर उचलून उलटंसुलटं पाहिलं. “लाल मडकं?” ते सावकाश म्हणाले. “मी तर मडकं कुठेच पुरलं नव्हतं.”

विगांटचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. गर्दीत हाट्टो मोठ्यानं म्हणाला, “पनीर छान होतं हं कारभारी!”

“मुली,” सरदार म्हणाले, “माझ्या कानात सांग, मी काय पुरलं होतं?”

गेर्लिंदनं टाचा उंचावून सांगितलं. सरदारांनी मान डोलावली. मग ती पुढे आणि सगळं गाव मागे, अशी वरात ओढ्याच्या वळणावर आली. ढेकळं बाजूला झाली. बुंध्याच्या मुळाशी खणल्यावर आधी कोळसे निघाले, वर्षभर मातीत राहूनही जसेच्या तसे, आणि त्यांच्याखाली जात्याची फुटकी खालची तळी.

“हीच!” सरदार म्हणाले. “माझ्या हातानं ठेवलेली!”

काय तो गलका झाला! विगांटची कारभारकी तिथल्या तिथे गेली आणि किल्ल्याचे दगड वाहायचं काम त्याच्याच वाट्याला आलं. कातरीवाला कातरी लपवत पळाला. पाद्रीबाबा “माझी विद्यार्थिनी! माझी!” असं ज्याला त्याला सांगत सुटले.

सरदार गोस्तिमिरना म्हणाले, “तुमचे केस तुमच्या डोक्यावर राहतील. तुम्ही कुणाचे नाही.” मग ते म्हणाले, “घाटातलं बर्फ वितळलंय. उद्या निघा.”

“सरदार!” गेर्लिंद ओरडली. “त्यांना राहू द्या ना! बाहेरच राहू द्या, पण इथेच!”

“पोरी, पलीकडे एक धूर दिसला, की त्याच्या आडून शंभर घोडे येतात. आम्ही हे भोगलंय.” ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. “दुसरं काहीही माग.”

“मला दुसरं काही नको.”

सरदार घोड्याकडे वळले.

सकाळी वाडीतल्या गाड्या गावात निरोप घेऊन निघाल्या. गोस्तिमिर गेर्लिंदपुढे वाकले, मोठ्या माणसापुढे वाकावं तसे, आणि तिला कुठे बघावं ते कळेना. झिवा गाडीत बोचक्यांवर पाठ फिरवून बसली होती.

“झिवा!”

“तू बोललीस!” झिवा म्हणाली. “मी सांगितलं होतं, तरी बोललीस!” आणि तिनं वळून पाहिलं नाही.

“ती लहान आहे,” प्रिबो म्हणाला. “तिला कळेल नंतर.”

“कळलं तरी मला सांगायला कुठे येणार आहे ती!”

प्रिबोनं आपल्या भाषेतली एक सणसणीत शिवी दिली. तिनं तिच्या भाषेतली दिली. मग तो गाडीमागे पळाला. हाट्टो त्याच्यामागे बुंध्यापर्यंत धावला. तिथे नवा पहारेकरी उभा होता. त्यानं हाट्टोला काखेत हात घालून उचललं आणि अलीकडे आणून ठेवलं. हाट्टो पाय झाडत रडत होता.

त्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत गेर्लिंदचं कौतुक झालं. सरदारांनी तिच्यासाठी लोकरीचं निळं कापड पाठवलं होतं. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर घेतलं, बारा वर्षांच्या घोडीला! “जन्मभर या सरहद्दीची साक्षीदार!” पाद्रीबाबा म्हणाले. बायकांनी डोळे पुसले. गेर्लिंदला फक्त खाली उतरायचं होतं.

सोमवारी शाळा भरली. पोरं पेंढ्यावर ओळीनं बसली. गेर्लिंद आणि हाट्टो यांच्यामध्ये दोन जणांची जागा मोकळी होती.

“मध्ये एवढी जागा कशाला?” पाद्रीबाबा पाठ फिरवूनच म्हणाले. “सरकून बसा.”

कुणी हललं नाही. पाद्रीबाबांनी वळून पाहिलं. मग त्यांनी ती जागा तशीच राहू दिली, आणि धडा सुरू केला.