दोरीला कुत्रा नव्हता

आइला, माझी नात, म्हणते की आजीचं डोकं वयानं फिरलंय. फिरलं असेल. पण हे घडलंय, आणि माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

१९७१ सालचा ऑक्टोबर. रविवार, दुपारचे तीन. उत्तर मिशिगनमध्ये, आमच्या गावापासून तासाभरावरचा धबधबा.

मी, माझा नवरा आर्वो आणि आमचा नाप्पी. काळा, आखूड पायांचा कुत्रा. लेक अजून व्हायची होती, तेव्हा आमचं पोर म्हणजे तोच. कुठेही निघालो की मागच्या सीटवर हा हजर. मी मांस-बटाटा भरून भाजलेल्या पास्टीची, त्या मोठ्या करंजीची, जाड कड त्याच्या हक्काची.

धबधब्याच्या पायऱ्यांवर कुत्र्यांना मनाई होती. म्हणून सगळे पाळीपाळीनं जायचे. एक खाली, एक वर दोरी धरून.

वरच्या बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. डोक्याला रुमाल. हातात दोरी...

दोरीला कुत्रा नव्हता.

“जोडीनं जा, पोरांनो,” ती म्हणाली. “मी धरते याला.”

आमच्याकडे अशा मदतीला नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

आर्वो हसला. “बरं झालं, आजी! ही एकटी गेली की पायऱ्या मोजत बसते, आणि मी इथे कुडकुडतो.”

नाप्पीची दोरी तिच्या हातात दिली.

मीच दिली.

खाली पोचतो न पोचतो तोच नाप्पी भुंकला... वरून. एकसारखा. आम्ही धावत वर आलो.

बाकडं रिकामं.

बाहेर रस्त्याकडेला फक्त आमचीच गाडी उभी. बाकड्यावर नाप्पीची दोरी होती. टोकाला त्याचा गळपट्टा...

बक्कल लावलेलंच.

आणि मग तो भुंकला. खालून.

आर्वो परत खाली धावला. मी वर थांबले.

खालून आर्वोनं मला हाक मारली, “लेम्पी! तो वर आहे, तुझ्याजवळ! धर त्याला!”

“नाही रे! खाली, तुझ्या मागेच आहे!”

दोघांनाही तो ऐकू येत होता. दोघांनाही दिसत नव्हता. आर्वोचा आवाज बसला, अंधार पडला, तरी आम्ही हाका मारतच होतो.

बर्फानं रस्ता बंद होईपर्यंत दर रविवारी गेलो. नंतर कधी काहीच ऐकू आलं नाही.

आर्वो आता नाही. मी सत्त्याहत्तरची. गेल्या ऑक्टोबरात हट्ट करून आइलाबरोबर तिथे गेले. ती गाडीतून कॉफी आणायला गेली. मी त्याच बाकड्यावर बसले. वारा होता, म्हणून डोक्याला रुमाल. हातात नाप्पीची दोरी.

समोर एक तरुण जोडपं, आधी कोण जाणार म्हणून भांडत होतं. त्यांच्याजवळ पांढरं कुत्रं.

“जोडीनं जा, पोरांनो. मी धरते याला.”

हे मी बोलले... मला बोलायचं नव्हतं. देवाशपथ.

मुलगी हसली. तिनं दोरी पुढे केली. कुत्रं चारही पाय रोवून मागे सरलं. माझा हात मात्र पुढे गेलाच होता.

“आजी, कॉफी!”

आइलाच्या हाकेनं मी दचकले. हात मागे घेतला.

त्याच क्षणी खालून नाप्पी भुंकला. त्रेपन्न वर्षांनी. एकदाच.

मला पुन्हा तिथे नेऊ नकोस, असं मी आइलाला बजावलं होतं.

पण ऑक्टोबर लागलाय. आणि काल मीच फोन करून तिला विचारलं...

“रविवारी मोकळी आहेस का गं?”