अकराव्या कप्प्यातला पान्हा

सकाळी आठला दूधपेढीचं कुलूप काढायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, आणि मग फ्रीझरच्या दारावरचा आकडा वहीत उतरवायचा. उणे वीस. बावीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला चिकटून असलेली ती एवढीशी खोली. एक खिडकी, एक सिंक, दोन फ्रीझर. ज्या आयांना दूध जास्त त्या इथे देऊन जायच्या. ते तापवून, तपासून, गोठवून ठेवायचं आणि ज्या बाळांना आईचं मिळत नाही त्यांच्यासाठी पाठवायचं. हे सगळं एकहाती करणाऱ्या बाईंना अख्खा मजला ‘गवळणबाई’ म्हणायचा.

“गवळणबाई, आज पाणी नाही ना घातलं?” विभागाच्या सिस्टर रोज दारातून विचारायच्या.

“कसलं घालते? गिऱ्हाईक फार चोखंदळ आहे माझं. लगेच बोंब मारतं.”

अकरावा कप्पा एका मुलीचा होता. वजन आठशे साठ ग्रॅम. अडीच महिने आधीच जन्मलेली, काचेच्या पेटीत निजलेली, ओंजळीत मावून वर जागा उरेल एवढी. नाव ठेवायला कुणाला सुचलं नव्हतं.

तिची आई नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. रक्तदाब चढलेला, पाय सुजून खांबासारखे झालेले, तरी दर तीन तासांनी ती चाकाच्या खुर्चीतून पेढीत यायची. पहिल्या दिवशी अर्धा तास दाबूनही चमचाभर निघालं नाही. जे निघालं ते पिवळंधमक, मधासारखं चिकट. ती कुपी उजेडात धरून बघत राहिली.

“एवढ्याशा पोटाला एवढंसं पुरेल ना हो, बाई?”

“एवढंच लागतं गं. थेंब थेंब औषध आहे ते.”

कुपीवरची चिठ्ठी ती स्वतः लिहायची. तारीख, वेळ, किती मिली. नकाशावर गावांची नावं घालणारा हात. आकडे छापल्यासारखे यायचे. चौथ्या दिवशी सकाळी तिला झटका आला आणि दुपारच्या आत ती गेली. मागे कप्प्यात अठरा कुप्या राहिल्या.

दिवसाला तीन, म्हणजे सहा दिवस. गवळणबाईंनी हिशेब लावून ठेवला होता. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी रिकामा ट्रे धुवायला काढावा म्हणून अकरावा कप्पा ओढला.

ट्रेमध्ये तीन कुप्या होत्या.

मोजताना चुकलं असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी चिठ्ठी पाहिली. अक्षर तेच. तारीख कालची.

फ्रीझरची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोरीला असायची. दुसरी किल्ली नव्हती. नातेवाइकांपैकी कुणी परस्पर आणून ठेवलं म्हणावं, तर ठेवायचं कसं? तरी त्यांनी बाहेरच्या बाकावर बसलेल्या आजींना विचारलं. मुलीच्या आईची आई. दिवसभर तिथेच असायच्या.

“आजी, तुमच्या घरात दुसरी कुणी अंगावर पाजणारी आहे का?”

“घरात मी आणि जावई. तो बिचारा स्वतःचा चहासुद्धा मलाच करायला लावतो, तो काय पाजणार!” आजी हसल्या आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. “का हो? संपलं का माझ्या पोरीचं?”

गवळणबाई आत वळल्या. पेढीचा एक नियम होता, आणि तो त्यांनीच शिकायला येणाऱ्या मुलींना घोकायला लावलेला: कुणाचं ते ठाऊक नाही, ते सिंकमध्ये. अनोळखी दुधाचा एक थेंबही एवढ्याशा जिवाला घात करू शकतो. त्यांनी तिन्ही कुप्या वितळवून ओतल्या, नळ सोडला, आणि त्या दिवसापासून मुलीला पेढीतलं, दुसऱ्या आयांचं तपासलेलं दूध सुरू केलं.

संध्याकाळपर्यंत मुलीचं पोट फुगलं. नळीतून हिरवट पाणी परत आलं. डॉक्टरांनी दूध थांबवलं. दुसऱ्या दिवशी वजन आठशे दहा.

“आतडं कच्चं आहे,” डॉक्टर म्हणाले. “दोन दिवसांत काही झेपलं नाही, तर मला खात्री देता येणार नाही.”

गवळणबाई पेढीत परतल्या. अकरावा कप्पा उघडायचा नाही असं ठरवून त्यांनी बाकीचे सगळे कप्पे उगाच आवरले. मग उघडला.

तीन कुप्या. अक्षर तेच, आकडे तेच नीटस; फक्त या वेळी पेन इतकं दाबून चालवलेलं, की चिठ्ठीचा कागद फाटला होता.

गवळणबाई स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना स्वतःला दूध आलं नव्हतं. मुलगा पावडरच्या दुधावर वाढला, सहा फूट झाला, रविवारी न चुकता फोन करतो; तक्रारीला कुठेच जागा नाही. पण त्या कोरड्या सहा आठवड्यांत त्यांनी ज्या ओढीने बाळाला छातीशी धरलं होतं, ती ओढ कुठल्या नळीत, कुठल्या वहीत मावणारी नव्हती, हे त्यांना माहीत होतं. ती गेली कुठे, हे मात्र कधी कळलं नाही.

एका कुपीतले दोन थेंब त्यांनी तपासणीला पाठवले. निर्धोक निघाले. त्यांनी उरलेली कुपी कोमट पाण्यात धरली आणि स्वतः विभागात नेली.

सिस्टरांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. “गवळणबाई, ही तारीख...”

“हो.”

“आणि वहीत काय लिहिणार? कुणाचं म्हणून?”

“आईचं,” गवळणबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी एक मिली नळीत सोडलं. दोघी तासभर त्या पेटीपाशी उभ्या राहिल्या. पोट फुगलं नाही. परत काही आलं नाही.

त्यानंतर रोज. आठशे तीस, आठशे नव्वद, हजार. कुप्यांच्या जागी बाटल्या आल्या. पोरीला वाढवून लागलं, की कप्प्यातही वाढून असायचं. रोज सकाळी कुलूप काढताना गवळणबाईंना वाटायचं, आज नसेल. आणि असायचं.

एवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली असती. कुणीतरी लबाडी करतंय, पुण्याची लबाडी, करू दे. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिल्या दिवसांची जपून ठेवलेली, तळाशी थेंब सुकलेली एक कुपी नव्या बाटलीशेजारी धरली. पहिलं दूध पिवळं होतं. मग फिकट झालं. आता ते पांढरं, कडेला निळसर झाक असलेलं. मूल वाढतं तसं दूध बदलतं, हे त्या बावीस वर्षं बघत आल्या होत्या. फ्रीझरमधलं दूध बदलत नाही. बदलायला अंग लागतं. आणि त्या अंगाला मुलाची खबर लागते.

एकदा मुलीला ताप आला. दुसऱ्या सकाळी कप्प्यातलं दूध पुन्हा पिवळसर, घट्ट झालेलं होतं. ताप उतरला, तसं निवळलं.

आठव्या आठवड्यात मुलगी घरी निघाली. एक किलो नऊशे. त्या सकाळी अकरावा कप्पा रिकामा होता. बाटली नाही, चिठ्ठी नाही. गवळणबाईंना सुटल्यासारखंही वाटलं आणि कुणी न सांगता निघून गेल्यासारखंही.

त्यांनी आजींच्या हाती पावडरचा डबा दिला, वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते दोनदा दाखवलं. “घाई करायची नाही. आणि दहा दिवसांनी वजनाला आणायचं.”

आजी दहाव्या दिवशी आल्या. मुलगी दुपट्यात, गाल वर आलेले. आजी मात्र निम्म्या झालेल्या. त्यांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. वरचं सील फोडलेलं, पण डबा जवळजवळ भरलेलाच होता.

“तुम्ही रागवाल म्हणून येत नव्हते,” त्या म्हणाल्या. “चमचा नेला की ओठ मिटते हो. एक थेंब घेत नाही. जावई म्हणतो, तुम्ही पोरीला उपाशी मारताय. पण ती रडत नाही. दुपटी ओली करते. ढेकर देते. मी दिवसभर नुसती बघत बसते. बाई, ती जगेल ना?”

“आधी वजन बघू,” गवळणबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी नेहमीचाच ठेवला.

दुपटं सोडून त्यांनी मुलीला काट्यावर निजवलं. खोलीत सकाळचं लख्ख ऊन होतं. काट्यावर आकडा उमटला: दोन हजार एकशे साठ.

“चांगलं आहे की,” त्या म्हणाल्या, आणि उचलायला हात पुढे केला.

मुलीने मान उजवीकडे वळवली. ओठ पुढे आले, गोल झाले. गळ्यापाशी एक बारीक लाट उठली.

गुटुक.

आकडा हलला. दोन हजार एकशे पासष्ट.

गवळणबाईंचा हात हवेतच राहिला.

एकशे सत्तर. एकशे ऐंशी. खोलीत त्या गिळण्याशिवाय आवाज नव्हता. मुलीची आवळलेली मूठ हळूहळू सुटत गेली, बोटं कशावर तरी टेकून पसरली.

एकशे नव्वदवर आकडा थांबला. तोंड सुटल्याचा बारीक आवाज झाला. ओठाच्या कडेला पांढरा थेंब होता.

आजी कुजबुजल्या, “झालं?”

मुलीने मान दुसऱ्या बाजूला वळवली. तोंड उघडलं, आणि थोडी थांबली, कुणी सावरून बसेपर्यंत थांबावं तशी.

मग आकडा पुन्हा चढू लागला.