फार लवकर आलेलं उत्तर

सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरच्या) मोठ्या रेडिओ तबकडीखालच्या खोलीत बसून आजोबा एका अंतराळयानाच्या कप्तानाशी लेखी गप्पा मारत होते. कप्तान भराभर उत्तरं देत होता आणि ईशानीला त्यात काहीतरी खटकत होतं. काय खटकतंय ते मात्र तिला सांगता येईना.

सकाळी कप्तानाचा ईमेल आला होता. त्याचं यान म्हणे गुरू ग्रहापाशी अडकलं होतं. एका लघुग्रहात (सूर्याभोवती फिरणाऱ्या खडकात) त्याला प्लॅटिनमचा साठा सापडला होता आणि तो त्याने कंपनीपासून लपवून ठेवला होता. त्यातला निम्मा वाटा तो आजोबांना द्यायला तयार होता. बदल्यात, मदतीची हाक पोहोचवायला म्हणे, हवा होता फक्त तबकडीचा परवलीचा शब्द (तबकडी चालवायला लागणारा गुप्त शब्द), आणि तोही सूर्य मावळायच्या आत.

एरवी असला ईमेल आजोबांनी हसत हसत पुसून टाकला असता. जन्मभर आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकलेला माणूस तो, त्यांना बनवणं सोपं नव्हतं. पण त्यांची मुलगी, म्हणजे ईशानीची आई, मंगळावरच्या वसाहतीत कामाला होती. करार संपायच्या आधी परत यायचं, तर तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागणार होतं. तो वाटा मिळाला असता तर तिकीट सहज निघालं असतं. लेकीच्या ओढीने आजोबांनी आपलं सगळं विज्ञान खुंटीला टांगून ठेवलं होतं.

आईशी बोलायला ही एकच तबकडी होती. परवलीचा शब्द भलत्याच्या हाती पडला, तर तो तबकडी बळकावून बसणार आणि आईचा आवाज कायमचा बंद होणार.

आजोबांनी कप्तानाची खुशाली विचारली. त्यांनी चहाचा एक घोट घेतला, तेवढ्यात उत्तर हजर. प्राणवायू संपत आलाय, घाई करा. आजोबा शब्दाची अक्षरं टाइप करू लागले. खिडकीतलं ऊन उतरत चाललं होतं.

आणि ईशानीला कुकर आठवला. आईला निरोप पाठवला की कुकर लावायचा, अशी त्यांच्या घरची पद्धत होती. भात होईपर्यंत उत्तर येत नसे आणि ईशानी रोज त्यावरून कुरकुर करायची.

“आजोबा, गुरू मंगळापेक्षा जवळ आहे का हो?”

“छे गं. कितीतरी लांब.”

प्रश्न अर्धवट सोडायची आजोबांना सवयच नव्हती. टाइप करता करताच ते समजावू लागले. रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाचीच भावंडं. त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात आणि त्याहून वेगाने कुठलाही निरोप जाऊ शकत नाही, मग घाई कुणालाही असो. मंगळ सध्या अठरा कोटी किलोमीटरवर आहे, म्हणून निरोप जायला दहा मिनिटं आणि उत्तर यायला दहा. याला प्रकाशविलंब (अंतर कापायला प्रकाशाला लागणारा वेळ) म्हणतात. गुरू तर ऐंशी कोटी किलोमीटरवर. म्हणजे जायला पाऊण तास आणि यायला...

आजोबांचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

“म्हणजे उत्तर यायला दीड तास हवा,” ईशानी म्हणाली. “तुमचा तर चहासुद्धा गार झाला नाही.”

खात्री करायला आजोबांनी विचारलं, खिडकीतून गुरू कसा दिसतो? लगेच उत्तर आलं: सुंदर दिसतो, शब्द पाठवा.

“हा गुरूपाशी नाही,” आजोबा हळूच म्हणाले. “इथेच पृथ्वीवर कुठेतरी खुर्ची टाकून बसलाय.”

त्यांनी टाइप केलेली अक्षरं एकेक करून पुसली आणि सायबर पोलिसांना कळवलं. मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

“मला वाटलं, दिवाळीला ती घरी असेल.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” ईशानी म्हणाली. तिने त्यांचा हात हातात घेतला. दोघांनाही फार वाईट वाटलं होतं.

मग त्यांनी घडलेलं सगळं आईला कळवलं आणि कुकर लावला. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, तरी संगणकाचा पडदा कोराच होता. आज ईशानीने कुरकुर केली नाही. निरोप अठरा कोटी किलोमीटर धावत होता, तेव्हा उशीर व्हायलाच हवा होता. मोठी झाल्यावर आपण स्वतः ते अंतर कापायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

आजोबांनी कुकर उतरवला, तेवढ्यात पडदा उजळला. आईच्या उत्तराची पहिलीच ओळ होती:

‘झाला का गं भात?’