डिकीतला देव्हारा

मुलुंडच्या मॉलमधल्या पार्किंगच्या उतारावर, गतिरोधकावरून जाताना, उत्तराच्या गाडीने असा काही सुस्कारा टाकला की मागच्या स्कूटरवरचा मुलगा थांबला. नुसता थांबला नाही… स्कूटर बाजूला लावली, चालत आला आणि तिच्या काचेवर बोटाने हलकेच टकटक केलं.

"तुमचा मागचा उजवा शॉकअप गेलाय," तो म्हणाला. कुणी वारल्याचा निरोप द्यावा, तसा आवाज खाली आणून.

"कधी?" उत्तराने तितक्याच गंभीरपणे विचारलं.

"बहुतेक दिवाळीच्या आधीच."

"आणि मला आत्ता कळवताय…"

तो हसला. हसताना आधी डोळे बारीक झाले, ओठ मागून आले. त्याचं नाव सुयोग. घाटकोपरला भटवाडीत त्याचं गॅरेज होतं आणि तिथे फक्त सस्पेन्शनचीच कामं होत. स्प्रिंगा, शॉकअप, गाडी आणि रस्ता यांच्या मधलं सगळं. नंबर देऊन तो निघून गेला. उत्तराला मात्र घरी पोचेपर्यंत प्रत्येक खड्ड्यात त्याचीच आठवण झाली.

एरवी तिने शॉकअप बदलण्याचं काम आठवडाभर तरी पुढे ढकललं असतं. पण तिच्या मनात महिनाभर एक गोष्ट घोळत होती. ऐरोली पुलापलीकडच्या मोकळ्या मैदानावर ऑटोक्रॉसची स्पर्धा होणार होती. नारिंगी कोन मांडलेले, त्यांच्यामधून वळणं घेत एकेकट्या गाडीने जायचं, आणि शर्यत फक्त घड्याळाशी. नवशिक्यांचा वेगळा गट होता. उत्तराने त्यात नाव दिलं होतं. पेशाने ती फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे गुडघे आणि पाठी सरळ करणारी. सकाळचा जप झाल्याशिवाय पाणीही न पिणारी. तिने असं काही करावं हे घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आईच्या तर नाहीच. नलिनीताईंनी रागावून बघितलं, मग शांतपणे बघितलं, आणि मग अट घातली. गाडी घराची आहे. दर संकष्टीला ती टिटवाळ्याला जाते आणि मागच्या सीटवर आपली दुखरी कंबर असते. काय बदलायचं ते बदल, पण कमरेला कळता कामा नये. उत्तराने त्यावर आपणहून एक शब्द जोडला. दोन फेऱ्या मिळतात. त्यातली निदान एक तरी कोन न पाडता पूर्ण झाली नाही, तर हा नाद कायमचा सोडीन. तिने दिलेला शब्द म्हणजे देवापुढे सोडलेलं पाणी, हे आईला ठाऊक होतं. म्हणूनच त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

तर उत्तरा भटवाडीला गेली. व्हिडिओ बघून तिने पक्कं ठरवलं होतं… गाडी जमिनीलगत बसवायची, दगडासारख्या कडक स्प्रिंगा लावायच्या, दिसायलाही झकास. सुयोगने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसत विचारलं, "तुमच्याकडे पेशंट आला, गुडघा दुखतोय, आणि म्हणाला आधी ऑपरेशनच करा. काय सांगाल?"

"आधी व्यायाम."

"मग?"

हे तिचंच वाक्य होतं आणि ते तिच्यावरच उलटलं होतं. पण ती अशी सहज हार मानणारी नव्हती. तिने गाडीखाली वाकून एकेक वस्तू दाखवायला लावली. ही काय करते, ही नसली तर काय होईल, हिने आईच्या कमरेला काय वाटेल… सुयोग सांगत गेला आणि ती विचारत गेली. शेवटी निवड तिनेच केली. स्प्रिंगा आहेत त्याच राहतील. चारही शॉकअप नवे, चांगले, कमी-जास्त कडक करता येणारे. संकष्टीला मऊ, मैदानावर घट्ट. आणि वळणावर गाडी एका बाजूला कलंडू नये म्हणून मागे एक जाड दांडी.

"मला वाटलं होतं, तुम्ही सगळ्यालाच हो म्हणाल," सुयोग म्हणाला.

"म्हणजे मी तशी दिसते?"

"दिसता… म्हणजे, शांत दिसता."

"शांत माणसं फार हट्टी असतात. लक्षात ठेवा."

त्याने ते लक्षात ठेवलं असावं, कारण पुढच्या भेटीत त्याने दुकानातला सगळ्यात कमी कुरकुरणारा स्टूल तिच्यासाठी पुसून ठेवला होता. त्याच्या पुढच्या भेटीत 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. कुणी आणलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. नवे शॉकअप बसले आणि नलिनीताईंना मागे बसवून गांधीनगरच्या चढावरून एक चक्कर झाली. त्यांनी डोळे मिटून कंबर सोडून दिली आणि विक्रोळीला पोचेपर्यंत त्यांना चक्क डुलकी लागली. गाडी चालवणारा सुयोग आरशात बघत हळूच म्हणाला, की आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. उत्तराने खिडकीबाहेर बघितलं, कारण समोर बघितलं असतं तर हसू लपलं नसतं.

मग सुयोगने गाडी ठेवून घेतली, मैदानासाठी नीट बेतून द्यायला. दोन दिवसांनी परत दिली. माघी गणेश जयंती झाली, आणि त्यानंतरचा रविवार उजाडला.

मैदानावर थंडीची कोवळी उन्हं होती आणि रबर जळाल्याचा वास. नलिनीताई छत्री उघडून खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर जपमाळ आणि पायाशी उपम्याचा डबा. उत्तराची पाळी आली. हेल्मेटच्या आत तिला आपलाच श्वास ऐकू येत होता. झेंडा पडला. पहिली दोन वळणं सुरेख गेली… तिसऱ्यात गाडीची मागची बाजू अचानक बाहेर निसटली, सगळं मैदान तिच्याभोवती गर्रकन फिरलं, आणि चार कोन आडवे झाले.

जपमाळ थांबलेली तिला लांबूनही दिसली. आता एकच फेरी उरली होती.

सुयोग धावत आला. तिला लागलं नाही हे आधी बघितलं, मग गाडीकडे. उत्तरा उतरली आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. रडणार होती खरं तर. पण तिची नजर सवयीने गाडीच्या मागच्या भागावर गेली, जशी पेशंटच्या पाठीवर जाते.

"ही अवघडलीय," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं ओझं उचललेली माणसं असतात ना… ओझं उतरलं तरी खांदे तसेच ताठ. तशी. मागून हलकी झालीय, पण तिला ते कुणी सांगितलेलंच नाही."

सुयोगचा चेहरा उतरला. त्याने डिकी उघडली. आत काही नव्हतं.

"उत्तरा… देव्हारा कुठंय?"

"घरात. नवाच आहे, जयंतीला बसवला. तोवर मुहूर्त नव्हता म्हणून आईने तो गाडीतच ठेवायला लावला होता. का?"

त्याने तोंडावरून हात फिरवला. गाडी ताब्यात आली त्या दिवशी त्याने डिकी उघडली होती. आत लाल वस्त्रात गुंडाळलेला संगमरवरी देव्हारा, वर कुंकू वाहिलेलं. काम करायचं तर डिकी रिकामी हवी, हे त्याला कळत होतं. पण सकाळी तो बांगडा खाऊन आला होता. त्या हाताने देव्हाऱ्याला कसं शिवणार? त्याने हळूच डिकी लावली आणि तेवढं वजन धरूनच मागचे शॉकअप घट्ट केले, टायरमध्ये हवाही वाढवली.

"दुसऱ्या दिवशी शिवता आलं असतं," उत्तरा म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी मला वाटलं… तू एवढं सगळं करतेस, जप, उपास. तुमचा देव गाडीतच असतो. तुझ्याबरोबर फिरतो."

उत्तराने रिकामी डिकी लावून टाकली.

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हसली असतीस." त्याने खाली मान घातली, मग वर केली. "तुझी फेरी माझ्यामुळे गेली. आईंना मी सांगतो, आत्ताच. तू दिलेल्या शब्दात माझी चूक धरू नका म्हणून."

तो खरंच निघाला होता. तिने त्याची बाही धरली.

"काही सांगायचं नाही. एक फेरी शिल्लक आहे. सैल कर तिला."

तो गुडघ्यांवर बसला. मागच्या शॉकअपच्या चाव्या तो उलट्या फिरवत गेला, ती टायरमधली हवा सोडत गेली. मध्येच दोघांनी एकाच वेळी मान वर केली आणि लगेच खाली घातली. किती सोडायची हे तो सांगत होता, किती पुरे हे ती ठरवत होती. शेवटी तिने डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी दाबून बघितली. ती खाली गेली, वर आली आणि शहाण्यासारखी थांबली.

दुसऱ्या फेरीत उत्तराने घड्याळाचा विचारच केला नाही. तिसऱ्या वळणावर मागची बाजू किंचित सरकली, तिने स्टिअरिंग हलकेच सोडून धरलं, आणि गाडी पुन्हा मुकाट तिच्या मागे आली. एकामागून एक नारिंगी कोन बाजूने गेले. एकही हलला नाही. गटात ती मागून तिसरी आली आणि तिला मैदानातल्या कुणाचाही हेवा वाटला नाही.

ती गाडीतून उतरली तेव्हा सुयोग एकटाच कोपऱ्यात उभा होता, पाना या हातातून त्या हातात करत.

"आता गॅरेजला यायचं काही कारण उरलं नाही तुला," तो म्हणाला.

"नाही उरलं." तिने हेल्मेट काढलं, विस्कटलेले केस कानामागे सारले. "मला तू आवडतोस, सुयोग. मघाशीच कळलं, पहिली फेरी वाया गेली तेव्हा."

"वाया गेली… तेव्हा?"

"तू गाडीला दोष दिला असतास, मैदानाला दिला असतास, मला दिला असतास, तर नसता आवडलास."

त्याने पाना खिशात घातला. मग बाहेर काढला. लांबून छत्रीखालून नलिनीताईंची हाक आली, की उपमा गार होतोय आणि त्या मुलालाही आण गं, उभा काय राहिलाय तिथे परक्यासारखा.

"येतोस?" उत्तराने विचारलं.

"मांसाहारी हात आहेत गो माझे."

"ते आई बघेल. मला चालतात."

आणि ते तेलकट, थंडीने गार पडलेले हात तिने सगळ्या मैदानादेखत आपल्या हातात घेतले.