खळ्यावर घरचं माणूस

शेगडीचा बर्नर दुरुस्त करून आणायचा, एवढंच काम होतं. चामटोलीहून रिक्षा मिळेपर्यंत उन्हात उभी राहा, बदलापूरच्या बाजारात दुकानदार जेवायला गेलाय म्हणून ताटकळत बस, आणि परत ये. वैतागून फाटक उघडते, तर ओट्यावर भाताची गोण. कांडलेले तांदूळ नव्हेत, टरफलासकट नवं भात. शेजारी पुष्कर, माझा नवरा, खुशीत उभा.

"कोणी दिलं हे?"

"एक म्हातारे आले होते. म्हणाले, मालक, खंड आणलाय. मी म्हटलं, ठेवा."

ठेवा! हा माणूस अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर म्हणून रिटायर झाला, पण जन्मात कोणाला नाही म्हणू शकला नाही. भेट आलेल्या घड्याळांना आमच्या भिंती पुरल्या नव्हत्या. माझे वडील तलाठी होते. जमीन कसण्याबद्दल कूळ मालकाला जे धान्य देतं तो खंड, आणि खंड घेतला की कूळ कबूल केलं, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. अंबरनाथचा फ्लॅट विकून, होती नव्हती ती पुंजी घालून आम्ही हे घर बांधलं होतं. आम्ही दोघंच. मूलबाळ नाही, दुसरं छप्पर नाही. आणि हा म्हणे, ठेवा!

उल्हासनगरच्या ज्या एजंटने प्लॉट दिला होता, त्या मुकेशला फोन लावला.

"अरे मॅडम, टायटल एकदम क्लिअर आहे. सातबारावर कूळ नाय, कुछ नाय. कोणी म्हातारा असेल गावातला, चाय-पानी देऊन टाका ना. टेन्शन कायको?"

त्या दिवशी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला आणि पाहिलं तर पुष्कर घरात नव्हता. हाक मारली, उत्तर नाही. मागच्या खिडकीतून शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीचा आणि झोडलेल्या भाताचा वास येत होता. मागे तर कंत्राटदाराने टाकलेली खडी होती, गेल्या वर्षापासून तशीच पडलेली. मी टॉर्च घेऊन गेले. पायाखाली खडी लागेना. जमीन गुळगुळीत होती, मधोमध लाकडी खांब, त्याला टांगलेला कंदील, आणि त्याच्या उजेडात भाताची रास. राशीपाशी एक वाकलेला म्हातारा पायली भरत होता. त्याच्या समोर, गोणीवर, माझा नवरा.

"लाभ..." म्हातारा म्हणाला. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग त्याने पुष्करकडे पाहिलं. पुष्करने मान हलवली.

"दोन..."

मी पुष्करचा दंड धरून त्याला ओढलं. म्हाताऱ्याने हात थांबवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"घरचा मानूस बसल्याबिगर माप न्हाय व्हायचा..." तो हळूच म्हणाला.

चार पावलांवर पायाला खडी टोचली. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. घरी आल्यावर पुष्करच्या केसांत भाताचा कोंडा होता. पंख्याकडे बघत त्याने विचारलं, "हे कोणाचं घर?"

सकाळी भांडी घासायला येणाऱ्या गयाबाईंना मी गाठलंच. त्यांचा जन्म या गावातला.

"इंग्रजाच्या टायमाला ही समदी जमीन बदलापूरच्या एका शेटची," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "हितला भात नि गवत मुंबईला इकायचा. ह्यो म्हातारा त्याचा कूल. एका सालाला शेटनी खंड घेतला, पन माप बघाया खल्यावर मानूसच न्हाय धाडला. मागनं बोलला, माप खोटा. जमीन काढून घेतली नि दुसऱ्याला कसाया दिली. म्हातारा त्याच खल्यावर मेला. तवापासून मालकाच्या घरचा मानूस बसल्याबिगर म्होरं मोजत न्हाय."

"आणि हे मला आज सांगताय?"

"तुमी इचारला कवा?"

"मी खंड परत करते."

गयाबाईंनी पातेलं पालथं घातलं. "घेतलेला माघारी कोन घेतं, ताई?"

खरंच कोणी घेतलं नाही. मी ती गोण फरफटत नेऊन खडीवर टाकून आले, सकाळी ती ओट्यावर. मग संध्याकाळी पुष्करला बेडरूममध्ये बसवून बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून दाराशीच खुर्ची टाकली. अंधार पडला आणि मागून आवाज आला. लाभ... दोन... तीन... कुलूप उघडून पाहिलं तर खोलीत कोणी नाही. तेव्हा मी रडले, भीतीने कमी आणि संतापाने जास्त. घर आमचं, कागद आमचे, आणि नवरा दुसऱ्याच्या खळ्यावर!

रोज तो थोडा उशिरा यायचा आणि थोडा कमी परत यायचा. आधी घराकडची गल्ली विसरला, मग कंपनीतली माणसं. एकदा तर नीलिमा हे माझं नाव आठवायला त्याला चहा संपेपर्यंत वेळ लागला. असंच चाललं तर सुगी सरेपर्यंत माझा माणूस माझा राहणार नव्हता. घर विकू म्हटलं तर मुकेश म्हणतो, मार्केट डाऊन आहे, मॅडम, पार्टी नाय भेटत. आपण मेल्यावर हे मार्केट वर जाणार!

शेवटी एका संध्याकाळी मीच पुष्करच्या आधी जाऊन गोणीवर बसले. म्हाताऱ्याने एकदा पाहिलं आणि पायली भरली. पुष्कर घरीच राहिला. मीही घरचंच माणूस होते ना! रास काही कमी होत नव्हती. घशात कोंडा बसत होता, डोळे मिटावेसे वाटत होते. घरी आले तेव्हा साखरेचा डबा कुठे असतो ते मला आठवेना. पण नवऱ्याचा एक दिवस वाचला होता.

मग आम्ही पाळ्या लावल्या. एक दिवस त्याने जायचं, एक दिवस मी. आणि कोणीही संसारी माणसं भांडतील तसे त्यावरूनही भांडलो.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं जेवायला बसलो. बाहेर अंधार झाला होता. मी आमटी वाढता वाढता थांबले.

"तू गेला नाहीस?"

"आज तुझी पाळी ना?"

"काल मी गेले होते, पुष्कर! एवढंही लक्षात राहत नाही तुझ्या?"

मागून आवाज येत होता. लाभ... दोन... तीन... माप पुढे चाललं होतं. घरचं माणूस बसल्याशिवाय जे पुढे जात नाही, ते संथपणे, न अडखळता चाललं होतं. आणि आम्ही दोघंही इथे, ताटावर.

"बराबर हाय ना, मालक?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हूं..." कोणीतरी म्हणालं.

मी पुष्करचं मनगट घट्ट धरलं. हात गार होता. आवाज थांबला. खडीवर पावलं वाजली, घराला वळसा घालून पुढे आली, आणि ओट्यावर कोणीतरी सवयीने पाय झटकले. मग दारावर थाप पडली.

"नीलिमा... दार उघड गं. दमलोय मी."

आवाज पुष्करचा होता. तोच, इतक्या वर्षांचा, जरासा चिरका.

मी माझ्याजवळ बसलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याने घास खाली ठेवला, दाराकडे मान वळवली आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं,

"नीलिमा कोण?"