आलं का?

तेवढी वेताची खुर्ची सोडून कुठेही बसा. ते स्टूल घ्या. डुगडुगतं, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही. तुमचा सेट उघडायला जरा वेळ लागेल, तोवर त्या खुर्चीचं सांगतो. नाहीतर बाहेर जाऊन म्हणाल, मेकॅनिक विचित्र आहे, चांगली खुर्ची रिकामी ठेवतो आणि माणसाला स्टुलावर बसवतो.

या धंद्यात मला तेवीस वर्षं झाली. घरातल्या अँटेनाची तक्रार आली की मला आधीच हसू येतं. निम्म्या घरांत मागची पिन सैल असते आणि उरलेल्यांत अँटेना फ्रिजवर नेऊन ठेवलेला असतो. मग पडद्यावर मुंग्या, माणसामागे त्याचीच फिकट सावली आणि आवाजात घरघर. इलाज ठरलेला. एकाने दांड्या फिरवत विचारायचं, ‘आलं का?’ दुसऱ्याने पडद्यासमोर बसून सांगायचं, ‘आलं... गेलं... हां, आलं.’ कधीकधी तर दांडीला हात लावला की चित्र लख्ख येतं आणि सोडला की पुन्हा मुंग्या. माणसाचं अंगच अँटेनाचं काम करतं. अशा वेळी सगळे मेकॅनिक एकच थट्टा करतात, आणि मीही तीच केली.

तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहायचे. समोर उंच इमारत झाली आणि त्यांच्या टीव्हीचं चित्र बिघडलं. मी पिन बदलली, वायर बदलली, अँटेना घरभर फिरवला. शेवटी खिडकीपाशी काकांनी दांडी धरली आणि चित्र एकदम स्वच्छ झालं. मी म्हणालो, “काका, आता इथेच उभे राहा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही.” काकू खळखळून हसल्या. काका मात्र हसले नाहीत. मान डोलावून “बरं” म्हणाले. मला पुढच्या घरी जायची घाई होती. मी पिशवी उचलली आणि जिना उतरलो.

वर्षभराने काकूंचा निरोप आला, टीव्ही बघून जा. गेलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, चांगलं लख्ख ऊन होतं. घर तेच, खिडकीशेजारी ही वेताची खुर्चीही तीच. काकू मात्र निम्म्या झाल्या होत्या. काका बाहेर गेलेत का, असं मी सहज विचारलं. ते जाऊन तीन महिने झाले, असं त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काका आयुष्यभर एका गोदामावर पहारेकरी होते. बदलीचा माणूस आल्याशिवाय त्यांनी कधी फाटक सोडलं नाही. एकदा बदलीवाला फिरकलाच नाही, तर दोन दिवस ताप अंगावर काढून उभे राहिले. मी थट्टा करून गेलो त्या दिवसापासून रोज चार वाजता काकूंची मालिका लागली की ते दांडी धरून उभे राहायचे. बसा म्हटलं तर म्हणायचे, टीव्हीवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही. काकूंना वाटायचं, हेही थट्टा करतायत. एके दिवशी मालिका संपल्यावर त्यांनी चहा ठेवू का म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. एक हात खिडकीच्या गजात अडकलेला, दुसऱ्या हातात दांडी, तसेच उभ्या उभ्या गेले होते.

“चित्र त्या दिवशी फार छान दिसत होतं हो,” काकू म्हणाल्या.

मला तिथे बसवेना. तोंड लपवायला म्हणून मी सेटच्या मागे गेलो आणि चित्र येत नाही का, असं विचारलं.

“येतं. तेच तर बंद करून हवंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण त्यांना कायमची घेऊन जायला येणार होती. सामान बांधून झालं होतं. पण काकूंचा पाय निघत नव्हता. रोज चार वाजता टीव्ही आपोआप लागायचा आणि काका विचारायचे, चित्र आलं का. उत्तर दिलं की सगळं शांत व्हायचं. एकदा मुद्दाम गप्प राहून पाहिलं, तर घरघर वाढत वाढत गेली, कपाटातली भांडी खाली आली. मी गेले तर त्यांना उत्तर कोण देणार, असं त्या मला विचारत होत्या. तीन महिन्यांत त्या दुपारी चारला घराबाहेर पडल्या नव्हत्या.

दुःखाने माणसाचं असं होतं, असं मी मनाशी म्हटलं. तरी हाताने पिन काढली आणि अँटेनाची वायर गुंडाळून बाजूला ठेवली. सेटचं बटण बंद केलं. मग विजेचा प्लगही उपटला. म्हटलं, बघू आता कसा लागतो.

चार वाजले आणि पडदा उजळला.

प्लग माझ्या हातात होता. चित्र इतकं स्वच्छ होतं की मालिकेतल्या बाईच्या कानातला खडा दिसत होता. कुठून तरी निलगिरीच्या तेलाचा वास आला. काका ते गुडघ्यांना लावायचे. मी खिडकीकडे पाहिलं. अँटेनाची डावी दांडी हळूच वळली, थांबली, पुन्हा केसभर मागे आली. मी फिरवतो ना, अगदी तशी.

आणि मग आवाज आला. तो सेटमधून आला असता तरी चाललं असतं. पण तो खिडकीपासून आला, थकलेला, अदबीचा.

“आलं का...?”

“आलं,” काकू म्हणाल्या. रोजच्या सवयीने, माझ्याकडे बघतच. मग अगदी हळू म्हणाल्या, “उभं राहायला तुम्ही सांगितलं होतं. आता तुम्हीच काय ते सांगा.”

मला ‘जा’ म्हणायचं होतं. खरं सांगतो, तोंडाशी आलं होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला, त्याच्याच घरात, त्याच्या बायकोसमोर ‘जा’ म्हणायला जीभच रेटेना. आपल्याला तशी सवय कुठे असते?

“काका... चित्र आलं. काम झालं,” मी म्हणालो. “सोडा आता. फार वेळ उभे आहात. बसा.”

दांडी सावकाश खाली आली. पडद्यावर मुंग्या आल्या आणि तो विझला. काकू तोंडावर हात धरून रडायला लागल्या, सुटल्यासारख्या. त्यामुळे त्यांना ऐकू आलं नाही. मला आलं. खिडकीशेजारची वेताची खुर्ची कुरकुरली, आणि तिची बैठक हळूहळू खाली दबली.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर काकू त्या घरातून हलल्या नसत्या. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीबरोबर गेल्या. जाताना टीव्ही आणि खुर्ची मलाच देऊन गेल्या, तुमचे फार उपकार झाले म्हणून. नको म्हणायला कारण काय सांगणार? हमालाने प्रत्येक मजल्यावर ती खुर्ची खाली टेकवली. वेताची खुर्ची आणि एवढी जड, म्हणून कुरकुरत होता.

तेव्हापासून काका इथे आहेत. त्रास म्हणाल तर काही नाही. मी कुणाचा अँटेना लावायला घेतला की विचारतात, ‘आलं का?’ मी ‘आलं’ म्हणतो. पण दुकानात एकटा असलो की मानेवर सतत कुणाची तरी नजर असते, आणि माझी जेवणाची इच्छासुद्धा गेली आहे. परवा शटर ओढण्याआधी मी हिय्या केला आणि तो शब्द बोललोच. म्हटलं, “काका, आता जा.”

मग निलगिरीचा वास अगदी माझ्या खांद्यापाशी आला.

“बदली आली का...?”

शटर अर्धवट टाकून पळालो. तेव्हापासून त्या खुर्चीजवळ कुणाला फिरकू देत नाही. न जाणो, त्यालाच बदलीचा माणूस समजतील.

हे बघा, लागला तुमचा सेट. पिनच सैल होती, मी म्हटलंच होतं. कडेला थोडी सावली दिसतेय तेवढी. तुम्ही जरा उठून ही दांडी धरता का, म्हणजे मी पुढून...

नको. राहू द्या. बसा तुम्ही स्टुलावरच.

ती खुर्ची कुरकुरली आत्ता.