गायरानावरचा विश्वविजेता

"आज बी मीच गारिंचा," दिपाली म्हणाली आणि पायातल्या चपला काढून तिनं गोलच्या एका खांबाच्या जागी ठेवल्या.

"तू रोजच गारिंचा असतीस," निलम कुरकुरली. "मी काय जल्मभर गोलकीपरच ऱ्हाऊ का?"

"तुझे पाय सरळ हायेत. गारिंचाचे वाकडे होते. एक आत, एक भाईर. इचार जगनला."

जगनला काही विचारायचीच खोटी. तांड्यावरच्या त्याच्या घरात एक अख्खी भिंत विश्वविजेत्यांच्या फोटोंनी भरली होती. सतराव्या वर्षी विश्वचषक जिंकलेला पेले, मॅराडोना, झिदान, मेस्सी. त्या भिंतीकडं बघतच पोरगं झोपायचं आणि उठायचं. "गारिंचा अठ्ठावन्नला बी जिंकला अन् बासष्टला बी," तो म्हणाला. "त्याच वाकड्या पायानं."

गावात दिपालीला काही लोक फेंगडी म्हणत. जगननं ही गारिंचाची गोष्ट सांगितल्यापासून तिनं त्या नावाचा राग धरणं सोडून दिलं होतं. ज्यांना गारिंचा माहीत नाही, त्यांचं काय मनावर घ्यायचं?

दिवाळीची सुट्टी होती. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत गावचं गायरान पसरलेलं होतं. एका अंगाला दिपालीच्या वडिलांची, रखमाजींची, मेंढरं चरत होती आणि उरलेल्या जागेत विश्वचषकाचा सामना चालू होता. तेवढ्यात एक जीप थेट मैदानात घुसली. मेंढरं बुजून उधळली. जीपमधून उतरले देविदासराव.

देविदासराव म्हणजे गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आयुष्यात खेळलेला एकमेव खेळ म्हणजे खुर्ची पकडणं, आणि त्यात मात्र ते कधी हरले नव्हते. गावात बारसं असो की बैलांचा दवाखाना, हार पहिला त्यांच्या गळ्यात पडायचा. मान त्यासाठीच पुढं वाढलेली असावी.

"ए, हटा," ते म्हणाले. "मोजणी करायची हाय. इथं तारेचं कुंपण होणार. विश्वविजेता क्रीडा प्रबोधिनी."

"अन् आमी कुठं खेळायचं?" निलमनं विचारलं.

"प्रबोधिनीत नाव घालायचं. घेतलं तर खेळायचं."

"अन् मेंढरं?" दिपालीनं विचारलं.

देविदासरावांनी मेंढरांकडं असं बघितलं, जणू ती आजच गावात आली होती. "मेंढरं काय, कुठं बी जातील. उद्या ब्राझीलचा वर्ल्ड चॅम्पियन येऊन राहिला आपल्या गावात. परवा सप्ताहाचं काल्याचं कीर्तन झालं की तिथंच मंडपात ग्रामसभा. चॅम्पियन सांगंल अन् समदे हात वर करतील. पाव्हण्यासमोर न्हाई कोण म्हणतंय?"

"कोण येऊन राहिलं?" जगनचे डोळे चमकले. "काफू?"

"कोण कापू?"

"काफू. दोन हजार दोनचा कप्तान."

"कापाकापी काही न्हाई. तोतोन्हो नाव हाय त्याचं. चौऱ्याण्णव अन् अठ्ठ्याण्णव, दोन्ही कप जिंकलेत त्यानं."

"अठ्ठ्याण्णवला ब्राझील हरलं," जगन म्हणाला. "फ्रान्सनं तीन-शून्यानं धुतलं. झिदाननं डोक्यानं दोन गोल केले."

"तू गेलता का बघायला?"

"तुमी गेलते का?"

देविदासराव तोंड फिरवून जीपकडं वळले. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो उद्धटपणा असतो, असा त्यांचा नियम होता.

संध्याकाळी रखमाजी मेंढरं वाड्यात कोंडत होते. दार लावून ते म्हणाले, "गायरान गेलं तर मेंढरं इकावी लागतील, दिपे. दुसरीकडं समदी हळद अन् कापूस. चारायचं कुठं?"

दिपालीनं एका कोकराच्या कानामागं खाजवलं.

दुसऱ्या दिवशी तोतोन्हो आला. पिवळा शर्ट, पाठीवर दहा नंबर, काळा गॉगल आणि केस असे सोनेरी, की कुरुंदा गावची हळद फिकी पडावी. उजव्या घोट्याला भलं मोठं बँडेज होतं, त्यामुळं चेंडूला पाय लावण्याचा प्रश्नच आला नाही. "ओला," तो म्हणाला. "ओब्रिगादो." नमस्कार आणि आभार, एवढेच दोन पोर्तुगीज शब्द तो दिवसभर म्हणत राहिला. मोठी माणसं मात्र धन्य झाली. सरपंचांनी त्याच्यासोबत फोटो काढला. शाळेच्या मोठ्या गुरुजींनी त्याच्या बँडेजला हात लावून कपाळाला लावला. ज्या गुरुजींनी वर्षभर शाळेच्या फुटबॉलमध्ये हवा भरून दिली नव्हती, तेच हे गुरुजी.

गावात हरिनाम सप्ताह चालू होता, म्हणून दुपारी पाहुणा मंदिराच्या पंगतीला बसला. दिपाली आणि निलम वाढायला होत्या. दिपालीनं पानात भाकरी वाढली, आमटी वाढली, कांदा ठेवला. पुढच्या क्षणी धप्पकन आवाज झाला. विश्वविजेत्यानं बुक्कीनं कांदा फोडला होता. मग त्यानं भाकरी आमटीत कुस्करली, बोटांनी मऊ काला केला आणि मान खाली घालून भुरके मारू लागला.

निलमच्या हातातला डाव तसाच राहिला. "बाई गं. हा तर माझ्या मामावानी जेवून राहिला."

जगननं धावत जाऊन देविदासरावांना सांगितलं. ते दात कोरत होते. "ब्राझीलमधी कांदे नसतात का?" ते म्हणाले. "चल, नीघ."

"मोठ्या माणसांना सांगून उपेग न्हाई," परत येऊन जगन म्हणाला. "त्यांना दिसतं, पण ते बघत न्हाईत."

संध्याकाळी कीर्तन होतं. सप्ताहाचे महाराज परभणीकडचे. आवाज असा, की ऐकणाऱ्याच्या अंगावरचा शीण धुऊन निघावा. रखमाजी पखवाजावर होते. मेंढरामागं फिरून राठ झालेली त्यांची बोटं पखवाजावर पडली की लोण्यासारखी व्हायची. देविदासराव पुढच्या सोफ्यावर मोबाईल बघत होते. सप्ताहाच्या फलकावर त्यांचा फोटो विठ्ठलाच्या फोटोपेक्षा मोठा होता, त्यामुळं आत काय चाललंय ते त्यांना ऐकायची गरज नव्हती.

दिपालीची नजर त्यांच्या शेजारी बसलेल्या तोतोन्होच्या हातावर गेली. त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती. नुसती हलत नव्हती. वडिलांची थाप जिथं पडेल तिथंच त्याचं बोट पडत होतं. समेवर तर त्याची मानही हलायची. आणि महाराजांनी "पुंडलिक वरदे" म्हटल्यावर सगळा मंडप "हारी विठ्ठल" म्हणून गरजला, तेव्हा त्या गॉगलखालचे ओठ हलले. आवाज कुणाला ऐकू आला नाही. गर्जनेत एक आवाज कसा कळणार?

"ह्यो कीर्तनात वाढलेला हाय," तिनं जगनच्या कानात सांगितलं.

"पण सिद्ध कसं करायचं? इचारलं तर ओब्रिगादो म्हणंल."

दिपाली विचारात पडली. मग म्हणाली, "जगन, तुझ्याकडं पास आला तर तू काय करतूस?"

"मारतो."

"इचार करून?"

"इचार काहून? पाय आपोआपच जातो."

"मंग गजर बी पासच हाय. महाराज अर्धा देतात, आपून अर्धा घेतो. उद्या कोणीच घेतला न्हाई तर?"

जगन तिच्याकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मोकळा पास. गोलसमोर."

सकाळी तिघं महाराजांकडं गेली. महाराज मंदिराच्या ओट्यावर गंध उगाळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाळांनो, कीर्तनात मी खोटं काही करणार नाही," ते म्हणाले.

"खोटं न्हाई, महाराज," दिपाली म्हणाली. "तुमी नेहमीसारखाच गजर द्यायचा. आमी फकस्त एक डाव मनात म्हणणार. मनातलं देवाला ऐकू जातं ना?"

सहाणेवरचा महाराजांचा हात थांबला. ते हसले. "जातं. तोंडातल्यापेक्षा लवकर जातं. जा, लागा कामाला."

पाहुण्याची जीप यायच्या आत तिघांनी मंडप पिंजून काढला. जगन टाळकऱ्यांत फिरला, दिपाली म्हाताऱ्यांत, निलम बायांत. "काला फोडायच्या आधीचा गजर मनातच म्हणायचा. एकच डाव. महाराजांना इचारलंय." सगळ्यात अवघड होती नर्मदाबाई. गावातला सगळ्यात मोठा आवाज तिचा होता.

"माय, जिती हाय तवर माझं तोंड गजराला बंद न्हाई ऱ्हायचं," ती म्हणाली.

"मंग पदर कोंबा तोंडात," निलम म्हणाली. "गायरानासाठी, आज्जे."

सोफ्यावरच्या मंडळींना कुणी काही सांगितलं नाही. त्यांना गप्प राहायला सांगण्याची गरजच नव्हती. ती कधीच म्हणत नसत.

काल्याचं कीर्तन सुरू झालं. महाराजांनी गोकुळ उभं केलं. गाई चरताहेत, गोपाळांनी शिदोऱ्या झाडाला बांधल्यात, आणि चेंडूचा खेळ रंगलाय. पेंद्यानं चेंडू मारला तो थेट यमुनेच्या डोहात. "त्या डोहात कालिया बसला होता," महाराज म्हणाले. "पाणी सगळ्यांचं, पण हा म्हणे माझं. चराई सगळ्यांची, पण हा म्हणे माझी. मंडळी, असा कालिया गावोगाव असतो. त्याला फणा असतोच असं नाही. कधी कधी नुसता फेटा असतो."

मंडप खदखदून हसला. देविदासरावांनी मोबाईलमधून मान वर केली, सगळे हसताहेत असं पाहिलं आणि तेही हसले. फेटा डोक्यावर त्यांच्याच होता.

दिपालीचं लक्ष तोतोन्होवर होतं. देवानं डोहात उडी घेतली तेव्हा तो पुढं सरकला. यशोदा काठावर आक्रोश करू लागली तेव्हा त्यानं गॉगल काढून डोळे पुसले. तो आता ब्राझीलमध्ये नव्हता. गोकुळात होता. रखमाजींचा पखवाज चढत गेला, टाळ चढत गेले, कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचू लागला, हातात चेंडू. आणि महाराजांनी दोन्ही हात उंचावून हाक दिली,

"बोला, पुंडलिक वरदे..."

टाळ थांबले. पखवाज थांबला. सगळं गाव ओठ मिटून बसलं. नर्मदाबाईचा चेहरा पदरामागं लाल झाला. अर्धा गजर मंडपाच्या छताशी लोंबकळत राहिला.

"हारी विठ्ठल!"

एकच आवाज. खणखणीत, घोटीव. सोफ्यावरून आला होता. दोन्ही हात आभाळाला लावून, डोळे मिटून, विश्वविजेता तोतोन्हो उभा होता. आणि सवयीनं पुढचंही म्हणून गेला, "श्री ज्ञानदेव तुकाराम!"

मग त्यानं डोळे उघडले. त्याचे हात वर तसेच राहिले.

"ब्राझीलमधी बी पुंडलिक असतो का हो, अध्यक्ष?" निलमनं विचारलं.

मंडपात असा हशा फुटला, की काल्याची हंडी आपोआप हलली. देविदासराव उठून ओरडू लागले, "फसवणूक! या माणसानं मला फसवलं!"

"मी फशिवलं?" हात खाली घेत विश्वविजेता म्हणाला. "केस तुमीच रंगवून आणले की माझे. न्हाव्यासमोर बसून. तुमी म्हणले, नुसता हात हालव, बोलू नको."

महाराजांनी शांतपणे विचारलं, "नाव काय बाबा तुझं?"

"परमेश्वर," तो खाली मान घालून म्हणाला.

पुन्हा हशा उसळला. महाराजांनी हात वर करून तो थांबवला.

"कनेरगाव नाक्यावर ढाब्यात रोट्या लावतो. लहानपणी आजीसंगं टाळकऱ्यांत उभा ऱ्हायचो, महाराज. आज गजर कोणी घेतला न्हाई. मला वाटलं, देव एकटा पडला."

नर्मदाबाईनं पदर तोंडातून काढून डोळ्यांना लावला.

"परमेश्वरा," महाराज म्हणाले, "दोन दिवसांत तुझ्या तोंडून एकच खरा शब्द निघाला, पण तो एवढा खरा होता की बाकीचं सगळं खोटं त्यानं उघडं पाडलं. आता बँडेज सोड आणि टाळ घे." मग ते सोफ्याकडं वळले. "आणि देविदासराव, आपण काल्याला बसलाच आहात तर सांगा, 'श्री ज्ञानदेव तुकाराम' म्हटल्यावर पुढं काय म्हणायचं असतं?"

देविदासरावांनी सरपंचांकडं पाहिलं. सरपंचांनी गुरुजींकडं. गुरुजींनी चपला शोधायला सुरुवात केली. सप्ताहाच्या फलकावर ज्या मान्यवरांचे फोटो होते, त्यांतल्या एकालाही ते येत नव्हतं.

ग्रामसभा तिथंच झाली. "गायरान प्रबोधिनीला द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले. कुणाचाही हात वर झाला नाही. देविदासरावांचाही नाही. आपण एकटे पडू अशा कामात हात घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गायरान गावाचं राहिलं. मेंढरांचंही आणि फुटबॉलचंही.

महाराजांनी हंडी फोडली. लाह्या-दह्याच्या काल्याचा पहिला घास त्यांनी दिपालीच्या तळहातावर ठेवला, मग निलमच्या, मग जगनच्या. "मी वीस वर्षं गजर देतोय," ते म्हणाले. "पण न म्हटलेल्या गजराला एवढी ताकद असते, ते या लेकरांनी शिकवलं."

दुपारी गायरानावर सामना सुरू झाला. परमेश्वर गोलमध्ये उभा होता. घोटा एकदम बरा, पण दर वेळी चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून जात होता. जगननं कपाळाला हात लावला.

"ब्राझील अठ्ठ्याण्णवला काहून हरलं ते आता कळलं," तो म्हणाला.

रखमाजी मेंढरं वळता वळता थांबून खेळ बघत होते. नर्मदाबाई शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा ते म्हणाले, "तो कोण झिदान हाय म्हणं. त्यानं डोक्यानं गोल केला. आमच्या दिपीनं गप ऱ्हाऊन केला."

दिपालीनं ते ऐकलं आणि वाकड्या पायानं चेंडू असा मारला, की परमेश्वर उजवीकडं पडला आणि चेंडू डावीकडून आत गेला.